पंगतीचा प्रश्न : आद्य ख्रिस्ती मंडळी आणि परराष्ट्रीय

येशूचा शिष्य पेत्र कैसरियाहून यरुशलेमला परतला, तेव्हा तिथल्या बंधुजनांनी त्याला जाब विचारला. परक्याला बाप्तिस्मा का दिलास, असं कुणी म्हटलं नाही. सुंता न झालेल्या माणसांच्या घरी तू गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास, असा आरोप होता. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातली ही तक्रार मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. कोण कुणाच्या पंगतीला बसतं आणि कुणाच्या हातचं पाणी चालतं, हे प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांच्या रोजच्या जगण्यातले होते. म्हणूनच आद्य मंडळीने परक्यांना आपलं कसं म्हटलं, ही हकीकत मला ताटापासून सांगावीशी वाटते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. यहूदी लोक कोत्या मनाचे होते आणि ख्रिस्ती लोकांनी दारं उघडली, अशी ही गोष्ट नाही. पेत्र, पौल, याकोब, बर्णबा ही सगळी माणसं यहूदीच होती आणि वाद घरातला होता. सभास्थानांत परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले लोक, येत, बसत, शास्त्र ऐकत. अशांना 'देवभीरू' म्हणत. पूर्ण यहूदी व्हायचं तर पुरुषाला सुंता करून घ्यावी लागे आणि खाण्यापिण्याचे नियम पाळावे लागत. या नियमांमागे रक्त सांडलेलं होतं. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास यहूद्यांवर राज्य करणाऱ्या चौथ्या अंत्योखस या ग्रीक राजाने सुंतेवर बंदी घातली, मंदिराची वेदी विटाळली, लोकांना डुकराचं मांस खायला भाग पाडलं. नकार देणारे मारले गेले. ज्या नियमासाठी वाडवडिलांनी जीव दिला, तो कुणी सहज मोडताना दिसला की पोटात कालवाकालव होणारच. यरुशलेमच्या बंधुजनांचा राग मला या अंगाने समजतो.

यरुशलेमच्या मंदिरात तर ही सीमा दगडाची होती. बाहेरच्या प्रशस्त अंगणात कुणीही यावं, पण आत एक कठडा होता. योसेफस हा त्या काळचा यहूदी इतिहासकार त्याची उंची तीन हात सांगतो. कठड्यावर ठरावीक अंतरावर शिलालेख बसवलेले होते. त्यांतला एक १८७१ साली फ्रेंच अभ्यासक क्लेर्मों-गानो यांना यरुशलेममध्ये सापडला. तो आता इस्तंबूलच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. चुनखडीच्या शिळेवर ग्रीक मोठ्या अक्षरांत सात ओळी. मथितार्थ असा : कुणाही परकीयाने या कठड्याच्या आत येऊ नये, जो सापडेल तो आपल्या मरणाला स्वतः जबाबदार राहील. पुढे अशाच दुसऱ्या शिळेचा एक तुकडाही मिळाला. ही शिळा लक्षात ठेवा, ती शेवटी पुन्हा येणार आहे.

मंडळीतली पहिली कुरकुर मात्र परराष्ट्रीयांवरून झालीच नाही. ती विधवांच्या जेवणावरून झाली. यरुशलेममध्ये ग्रीक बोलणारे हेल्लेणी यहूदी होते आणि अरामी बोलणारे इब्री यहूदी होते. रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते, अशी हेल्लेण्यांची तक्रार. प्रेषितांनी सात जणांना निवडून घ्यायला सांगितलं. त्या सातांची नावं वाचावीत : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही ग्रीक नावं. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिलं गेलं. नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. अंत्युखियाचा हा माणूस धर्म स्वीकारून यहूदी झालेला. समितीत तोंडदेखला एखादा परका घ्यायचा आणि किल्ल्या आपल्याकडे ठेवायच्या, असं तिथे झालं नाही. मला हा निर्णय पुढच्या मोठ्या ठरावांइतकाच धाडसी वाटतो.

मग पेत्राची पाळी आली. तो याफाला समुद्रकाठी शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी उतरला होता. मेलेल्या जनावरांचं काम, वास येणारा धंदा. पुढच्या काळातल्या यहूदी धर्मनियमांत कातडी कमावण्याची जागा गावापासून पन्नास हात लांब असावी असं लिहिलेलं सापडतं. अशा घरी मुक्कामाला राहणारा पेत्र थोडा सैल झालाच होता म्हणायचा. दुपारी बाराच्या सुमारास तो घराच्या धाब्यावर प्रार्थनेला गेला. भूक लागलेली, खाली स्वयंपाक चाललेला. तेवढ्यात दृष्टान्त : चारी कोपरे धरून सोडलेली मोठी चादर, तिच्यात नाना तऱ्हेचे पशू आणि पक्षी, आणि वाणी, 'मारून खा.' पेत्र नाही म्हणाला. हे तीनदा झालं. तो विचारात पडलेला असतानाच दारात तीन माणसं उभी राहिली. कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीने त्यांना पन्नासेक किलोमीटरवरच्या कैसरियाहून धाडलं होतं. पेत्राने त्यांना घरात घेतलं, रात्री ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सहा भाऊबंद सोबत घेऊन तो निघाला. कर्नेल्याच्या घरी तो बोलत असतानाच पवित्र आत्मा त्या परराष्ट्रीयांवर उतरला, असं या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो. पेत्राने बाप्तिस्म्याची आज्ञा केली आणि काही दिवस तिथेच राहिला. वाद उठला तो या राहण्यावर आणि जेवण्यावर.

इकडे सीरियातल्या अंत्युखियात कुणा प्रेषिताची परवानगी न घेताच काम सुरू झालं होतं. सातांपैकी स्तेफनाच्या मृत्यूनंतर छळामुळे पांगलेल्यांपैकी कुप्र (सायप्रस) आणि कुरेने इथल्या काही जणांनी ग्रीक लोकांनाही शुभवर्तमान सांगितलं. त्यांची नावंसुद्धा नोंदलेली नाहीत. अंत्युखिया ही रोम आणि अलेक्झांड्रियाच्या खालोखालची महानगरी. आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या, २०२३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेलं. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा इथेच मिळालं. यहूदी म्हणावं तर ग्रीक बसलेले, ग्रीक म्हणावं तर यहूदी बसलेले; लोकांना नवा शब्द लागला असावा. तिथल्या पुढाऱ्यांत कुप्राचा बर्णबा होता, 'निग्र' म्हणजे काळा म्हणवला जाणारा शिमोन होता, कुरेनेचा लूक्य होता, हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन होता आणि तार्ससचा शौल, म्हणजेच पौल.

इसवी सन ४९ च्या आसपास यरुशलेममध्ये बैठक बसली. सुंतेवाचून तारण नाही, असं एका गटाचं म्हणणं. पेत्राने कर्नेल्याची हकीकत सांगितली, बर्णबा आणि पौलाने आपली कामगिरी सांगितली, आणि प्रभूचा भाऊ याकोब याने निकाल दिला. सुंतेची सक्ती नाही. फक्त मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि जारकर्म टाळावं. चारपैकी तीन अटी खाण्याच्या आहेत. माझ्या वाचनाप्रमाणे हा निकाल एका पंगतीत बसण्याची किमान सोय होता : यहूदी भावाने पाटावर बसावं आणि समोरचं ताट पाहून त्याला उठावं लागू नये.

तरीही ताट सुटलं. पौलाने गलतीकरांस पत्रात त्याची हकीकत लिहिली आहे. पेत्र अंत्युखियाला आला असताना परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. मग याकोबाकडून काही माणसं आली, आणि पेत्र हळूहळू मागे सरला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी सरले. बर्णबासुद्धा वाहवला. ते 'सुद्धा' वाचताना पौलाचं दुःख जाणवतं; बर्णबानेच त्याला हात धरून मंडळीत आणलं होतं. पौलाने सर्वांदेखत पेत्राला तोंडावर विचारलं : तू स्वतः यहूदी असून परराष्ट्रीयांसारखा वागतोस, मग त्यांना यहूद्यांसारखं वागायला का लावतोस? पेत्राने काय उत्तर दिलं हे पौल सांगत नाही. जिंकला असता तर त्याने ते लिहिलं असतं, असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं आणि मलाही ते पटतं. 'यहूदी नाही, हेल्लेणी नाही. दास नाही, स्वतंत्र नाही. पुरुष नाही, स्त्री नाही' (इथे हेल्लेणी म्हणजे ग्रीक) हे वचन याच पत्रात, या भांडणाच्या हकीकतीनंतर येतं.

करिंथमध्ये जातीची नव्हे, पैशाची पंगत पडली. प्रभुभोजनाला जमायचं तर सवडीचे लोक आधी येऊन खाऊन घ्यायचे. कामकरी पोहोचेपर्यंत एक भुकेला आणि एक मद्याने धुंद, अशी अवस्था. पौलाने साधी आज्ञा दिली : एकमेकांसाठी थांबा.

शेवटी तो यरुशलेमच्या गरिबांसाठी परराष्ट्रीय मंडळ्यांनी जमवलेला पैसा घेऊन निघाला. साल ५७ च्या आसपासचं. सोबत बिरुया, थेस्सलनीका, दर्बे आणि आशिया (तेव्हाचा एक रोमी प्रांत) इथले लोक होते. त्यांत इफिसकर त्रफिमही होता. लोकांनी त्रफिमाला पौलाबरोबर शहरात पाहिलेलं. पुढे पौल मंदिरात दिसला आणि आशियातल्या काही यहूद्यांनी ओरड केली : याने हेल्लेण्यांना आत आणून हे पवित्र स्थान विटाळलं आहे! त्रफिम त्या शिलालेखांच्या कठड्याच्या आत गेलाच नव्हता. पण पौलाला ओढून बाहेर काढलं, मंदिराचे दरवाजे बंद झाले, आणि रोमी शिपाई धावून आले म्हणून तो वाचला.

त्याला रातोरात बंदोबस्तात कैसरियाला हलवलं. कर्नेल्याचं हेच शहर. सातांपैकी फिलिप्प इथेच आपल्या चार मुलींसह राहत होता आणि अटकेपूर्वी पौल त्याच्याच घरी उतरलेला. पौल इथे दोन वर्षं कैदेत राहिला. त्याच्या माणसांना त्याची सेवा करण्यास मनाई करू नये, असा हुकूम सुभेदार फेलिक्सने दिला होता.