जुनं टेलव्हील विमान घेताय? आधी रंगाच्या आत बघू या

टेलव्हील विमान म्हणजे नाकाऐवजी शेपटाखाली लहान चाक असलेलं. असं जुनं विमान घेण्याआधी आमच्याकडून तपासून घ्यायला येणारे बहुतेक जण मोबाइलमध्ये फोटो घेऊनच येतात. पिवळंधमक पायपर कब, नवी आसनं, चकचकीत प्रॉपेलर, आणि एकच प्रश्न: "सांगितलेली किंमत बरोबर आहे का?" फोटोवरून आम्हाला एवढंच कळतं की रंग नवा आहे. पैसे देण्याआधी काय बघायचं ते या पत्रकात लिहिलं आहे.

कापडाखाली काय आहे

कब, एरॉन्का (ही दोन्ही अमेरिकी) आणि आपलं पुष्पक या लहान विमानांचा मुख्य सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा, वरून कापड ताणलेलं. (पुष्पक बंगळुरूला तयार झालं, १९५८ साली पहिल्यांदा उडालं. ९० हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल इंजिन, शेजारीशेजारी दोन आसनं.) टेलव्हील विमान उभं असताना शेपूट खाली असतं. पावसाळ्यात आत गेलेलं पाणी तिकडेच ओघळतं आणि खालच्या नळ्यांना गंज धरतो. बाहेरून कापड ताठ, रंग सुरेख. अशाच एका विमानाचं कापड आम्ही शेपटाकडून सोललं, तर नळीत स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज आत गेलं. मालकांनी ते 'पूर्ण रिस्टोर केलेलं' म्हणून घेतलं होतं. त्यांना हे सांगणं फार जड गेलं.

म्हणून विकणाऱ्याकडे पहिल्यांदा कापड चढवण्याआधीचे फोटो मागा. ज्याने मन लावून काम केलंय त्याच्याकडे ते असतात, आणि दाखवायला तो उत्सुकही असतो. कबच्या पंखांना आधार देणाऱ्या पोकळ दांड्याही आतून गंजतात. त्या तपासण्याचा सक्तीचा आदेश अमेरिकेत निघालेला आहे. सीलबंद नव्या दांड्या बसवलेल्या असतील तर आमची मोठी काळजी मिटते.

सुधारणा केल्या, वजन केलं का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. मूळ जे-३ कबचं रिकामं वजन सुमारे ३४५ किलो आणि उड्डाणाची कमाल मर्यादा ५५० किलो. मधले २०५ किलो तुमचे. ४५ लिटरची टाकी भरली की ३२ गेले, उरले १७३. आता स्टार्टर, बॅटरी, जनरेटर, रेडिओ, जाड गाद्या आणि रंगाचे जास्तीचे हात मिळून ३० किलो वाढले असं धरा. उरले १४३. म्हणजे ७५ किलोची दोन माणसं भरल्या टाकीने बसूच शकत नाहीत. नव्याने काट्यावर घातल्याचा कागद नसेल, तर जुन्या कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका.

सगळ्याच सुधारणा महाग पडतात असं नाही. डिस्क ब्रेक आणि खांद्यावरचे पट्टे आम्ही प्रत्येकाला सुचवतो. त्यांचं वजन सोसावं.

एप्रिलची दुपार

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. पारा ४० वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर आहोत असं वाटतं. ६५ हॉर्सपॉवरचं इंजिन तेव्हा ५५ च्या आसपासच देतं आणि पंखांनाही उचल मिळायला जास्त वेग लागतो. थंड प्रदेशातल्या मालकाने "मस्त चढतं" म्हटलं, तरी त्याचा अनुभव इथे चालत नाही. दोघांनी उडायचं असेल तर ८५ ते १०० हॉर्सपॉवरचं इंजिन बघा. मात्र त्या बदलाला त्या मॉडेलसाठीची मंजुरी हवी, नाहीतर इथे नोंदणीला अडेल.

ही इंजिनं कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलेली. आज मिळतं ते एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे शिसं मिसळलेलं विमानाचं पेट्रोल. त्यातलं शिसं प्लगवर बसतं. प्लग वेळेवर काढून साफ करत राहा.

उतरताना

या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. धावपट्टीवर ते जरा तिरकं झालं आणि दिशा सांभाळणाऱ्या पेडलवरचे वैमानिकाचे पाय वेळेवर हलले नाहीत, की शेपूट पुढे यायला बघतं आणि विमान गर्रकन फिरतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. त्यामुळे चाकांचे जोड आणि पंखांची टोकं इथली जुनी दुरुस्ती आम्ही मुद्दाम शोधतो. तुम्ही आजवर नाकाखाली चाक असलेली विमानंच उडवली असतील, तर टेलव्हीलचं प्रशिक्षण आधी घ्या, विमान नंतर. आमचं काम महिनाभर लांबलं तरी चालेल.

हँगर आणि कागद

पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे. तिथे लहान खाजगी विमान ठेवता येईल हे गृहीत धरू नका. बारामतीसारख्या ठिकाणी चौकशी करा. छप्पर मिळाल्याशिवाय कापडी विमान घेऊ नका, ऊन-पावसात ते झपाट्याने खराब होतं. आयात करायचं असेल तर परदेशात पैसे भरण्याआधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) अटी तपासून घ्या.

येताना इंजिन आणि विमान यांची सगळी लॉगबुकं, वजनाचा कागद, बदलांची मंजुरीपत्रं आणि कापडाआधीचे फोटो आणा. लॉगबुकात मधली काही वर्षं गायब असतील तर तेही आधीच सांगा. तपासणीला आम्हाला दोन पूर्ण दिवस लागतात. विमान हँगरमध्ये, शेपूट उचलता येईल अशा जागी हवं.