± नंतरचा आकडा : पार्श्वभूमी

शोधनिबंधातल्या पहिल्या तक्त्यात '११.२ ± १.५' असा आकडा दिसला की वाचक पुढे सरकतो. पण ± नंतरचा आकडा नेमका कशाचा, यावरून संशोधनात फार दिवस घोळ चालू आहे. त्याचं मूळ या चिन्हाच्या जुन्या वापरात आहे.

एकोणिसाव्या शतकातले खगोलशास्त्रज्ञ ± पुढे 'संभाव्य त्रुटी' लिहीत. निम्म्या चुका जिच्या आत पडतात, ती ही मर्यादा. ताऱ्याचं स्थान किती अचूक सापडलं, एवढंच त्यांना सांगायचं असे. १८९० च्या दशकात 'प्रमाण विचलन' ही संज्ञा रुळू लागली. ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते: माणसं किंवा पिकं मुळात एकमेकांपासून किती निराळी आहेत? दोन्ही उत्तरं एकाच चिन्हापुढे लिहिली जाऊ लागली.

समजा १०० रुग्णांच्या हिमोग्लोबिनचा मध्य, म्हणजे सरासरी, ११.२ आणि प्रमाण विचलन १.५ आहे. हा मध्य किती अचूक सापडला ते 'प्रमाण त्रुटी' सांगते. ती काढताना विचलनाला १०० च्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे ती येते ०.१५. '११.२ ± ०.१५' छापलं की सगळे रुग्ण जणू एकसारखेच वाटतात. रुग्णांमधला फरक दाखवायच्या जागी हा लहान आकडा इतक्या वेळा आला की त्याला निव्वळ अनवधान म्हणणं मला पटत नाही. मराठीत तर दोन्ही संज्ञा 'प्रमाण'नेच सुरू होतात. हे 'प्रमाण भाषे'तलं प्रमाण, गुणोत्तराशी त्याचा संबंध नाही. तरी विद्यार्थी तिथेच अडखळतात.

१९८३ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाने लेखकांसाठी सांख्यिकीच्या सूचना छापल्या. ± टाळा, कंसात कोणतं माप ते स्पष्ट लिहा, असा त्यांचा रोख होता. बऱ्याच नियतकालिकांनी पुढे तसे नियम केले, पण सवय सुटली नाही. २०१५ साली शरीरक्रियाशास्त्रातल्या निबंधांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. बहुतेक निबंधांत स्तंभालेख होते आणि स्तंभांच्या टोकावरच्या रेषा बहुधा प्रमाण त्रुटीच्याच. नमुना लहान असेल तर प्रत्येक निरीक्षणाचा ठिपका दाखवा, हा आग्रह त्यानंतर वाढला.

मध्य आणि विचलन मिळूनही कधी चित्र फसवं राहतं. १९७३ मध्ये ११-११ बिंदूंचे चार संच मांडले गेले. चारही संचांचे मध्य आणि विचलन जवळजवळ सारखे, आलेख मात्र पूर्ण वेगळे. रुग्णालयातला मुक्काम 'मध्य ५ दिवस, प्रमाण विचलन ७' असा दिला असेल, तर मुक्काम शून्याखाली जात नसल्याने काही जण फार दीर्घकाळ राहिले हे उघड आहे. तिथे मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि चतुर्थकं (त्या क्रमाचे चार समान भाग पाडणारे आकडे) द्यायला हवीत.

हा घोळ आता एका निबंधापुरता राहत नाही. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करताना प्रमाण विचलन लागतं. त्या जागी चुकून प्रमाण त्रुटी घेतली, तर १०० जणांच्या गटात प्रमाणित परिणाम, म्हणजे मध्यांमधला फरक भागिले प्रमाण विचलन, खऱ्यापेक्षा दहापट मोठा दिसतो.