मुंबई-कोल्हापूर 1908: अहो, ती रेस नव्हती!

आमच्या शाळेच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड वर्षातून दोनदा तरी येतोच. जुन्या रोल्स रॉइसचा फोटो, खाली लाल अक्षरात "भारतातली पहिली कार रेस, मुंबई ते कोल्हापूर, 1908, रोल्सने सगळ्यांना धूळ चारली" आणि मग अंगठ्यांचा पाऊस, "नादच खुळा", "कोल्हापूर म्हणजे कोल्हापूर". मी पण कोल्हापूरचाच, अभिमान मलाही आहे, पण ती रेस नव्हती हो. ट्रायल होती. रिलायबिलिटी ट्रायल. दरवेळी मोबाईलवर तेच तेच टाइप करून वैतागलोय म्हणून एकदाच नीट लिहितो, पुढच्या वेळी हेच चिकटवीन.

रेस म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. कमी वेळात जो पोचला तो जिंकला, विषय संपला. बैलगाडा शर्यत बघितलेल्या माणसाला हे काय शिकवायचं.

ट्रायलमधे प्रश्नच वेगळा असतो. गाडी किती लवकर पोचली हे विचारत नाहीत, पोचते का आणि वाटेत किती वेळा रुसते हे विचारतात. 1900 ते 1910 च्या काळात मोटर म्हणजे एक भानगडच होती, टायर फुटायचे, घाटात पाणी उकळायचं, इग्निशन दगा द्यायचं, आणि पैसेवाला गिऱ्हाईक घोडागाडी सोडून हे धूड घ्यायला तयार व्हायचा तर त्याला वेगाचं कौतुक नंतर, आधी खात्री हवी की मधेच कुठल्या तरी ओढ्याकाठी बसून राहायला लागणार नाही. म्हणून ठरलेला रस्ता, रोजचा ठरलेला टप्पा, त्याचा ठरलेला वेळ, आणि गाडीत वही घेऊन बसलेला एक परीक्षक, त्याला ऑब्झर्व्हर म्हणायचे. गाडी थांबली की त्याने लिहायचं, कशामुळे थांबली. तुम्ही जेवायला थांबलात तर ठीक. गाडी आपणहून बंद पडली तर तो 'इनव्हॉलंटरी स्टॉप', म्हणजे मनाविरुद्धचा थांबा, आणि तिथे मार्क गेले.

हा मनाविरुद्धचा थांबा नीट समजला की बाकी सगळं आपोआप कळतं. 1907 साली इंग्लंडात रोल्सच्या सिल्व्हर घोस्टची जी प्रसिद्ध 15,000 मैलांची चाचणी झाली तिच्यात 629 मैलांवर हादऱ्यांनी पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला आणि गाडी थांबली. कॉक फिरवला, निघाली. पुढचे 14,371 मैल गाडी आपणहून एकदाही थांबली नाही. त्या गाडीची कीर्ती ह्या आकड्यावर आहे, टॉप स्पीडवर नाही. रेसमधे असल्या कॉकची कोणी नोंद तरी ठेवली असती का?

आता आपलं कोल्हापूर घ्या. 1908 मधे फ्रँक नॉरबरी नावाच्या गृहस्थाने रोल्स 40/50 (वरची सिल्व्हर घोस्ट ह्याच मॉडेलची) भारतात आणली, गाडीचं नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट', आणि ती मुंबई-कोल्हापूर ट्रायलमधे उतरवली. अंतर 620 मैल, वाटेत सहा घाट. जरा गणित करा. 620 मैल म्हणजे जवळपास 1000 किलोमीटर. आज मुंबईहून कोल्हापूर पुण्यामार्गे चारशेच्या आत बसतं. जाऊन येऊन धरलं तरी दोनशे किलोमीटर उरतातच, मग एवढा वळसा घालून कुठली रेस असते? रेसवाला सरळ रस्ता शोधतो. इथे घाट चुकवायचे नव्हतेच, घाट हाच पेपरातला दहा मार्कांचा प्रश्न होता. रोल्सने तो न बिघडता सोडवला, हे तिचं जिंकणं. मागे कोणी धूळ खात होतं म्हणून नाही. आणि ह्याचा फायदाही तसाच झाला, नंतर ती गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली. महाराजांना घाटात न रुसणारी गाडी हवी असणार, हे कुणालाही पटेल.

बरं 'पहिली' सुद्धा नाही. 1904-05 च्या हिवाळ्यात दिल्ली ते मुंबई अशी मोठी ट्रायल आधीच होऊन गेली होती, मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाची. तिलाही लोक रेसच म्हणतात, चालू द्या.

हा गोंधळ आपलाच आहे असंही नाही. 1894 ची पॅरिस-रुआं स्पर्धा बघा, जिला जगातली पहिली रेस म्हणून ठोकून देतात. सगळ्यात आधी पोचली काउंट द दियाँची वाफेची गाडी. पहिलं बक्षीस तिला नाहीच मिळालं, कारण तिला कोळसा टाकायला वेगळा माणूस लागायचा आणि आयोजकांना हवी होती सुरक्षित, चालवायला सोपी, खर्चाला परवडणारी गाडी. बक्षीस पेजो आणि पानार-लव्हासोर ह्या दोन गाडी कंपन्यांत वाटलं. पहिला आला आणि पहिला नंबर गेला, ही कुठली रेस? खऱ्या रेसही फ्रेंचांनी मग हमरस्त्यावरच घेतल्या, आणि 1903 च्या पॅरिस-माद्रिदमधे इतकी माणसं मेली, त्यात रेनॉ कंपनी काढणाऱ्या भावांपैकी खुद्द मार्सेल रेनॉ, की ती वाटेत बोर्दोलाच थांबवावी लागली. इंग्लंडात 1904 पासून रस्त्यावर ताशी 20 मैलांची मर्यादा, तिथे रेस कुठून घेणार, म्हणून तिथले क्लब ट्रायलवर भर द्यायचे, आणि इथल्या साहेबांच्या क्लबांनी तोच कित्ता गिरवला.

माझ्या मते अर्धा दोष आपल्या 'शर्यत' ह्या शब्दाचा आहे. दोन्हीला एकच शब्द. गंमत म्हणजे शर्यत आला 'शर्त' वरून, म्हणजे अट, पैज. त्या जुन्या अर्थाने ट्रायल हीच खरी शर्यत, अटी पाळल्या की पास! पण आज शर्यत म्हटलं की डोळ्यापुढे पळापळच येते, त्यामुळे मी 'कसोटी' म्हणतो. क्रिकेटवाल्यांना लगेच कळतं.

बाकीच्या किरकोळ गोष्टी भरभर. रॅली म्हणजे ट्रायलची नात, टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठरल्या वेळी पोचायच्या) रॅलीत तर ठरल्या वेळेच्या आधी पोचलात तरी पेनल्टी बसते. रविवारी फुगे लावून निघते ती व्हिंटेज कार रॅली म्हणजे मिरवणूक, तिला स्पर्धा म्हणू नका. 1908 ची गाडी क्लबवाल्यांच्या हिशोबात व्हिंटेज नाहीच, ते 1919 ते 1930 धरतात, सरकारच्या 2021 च्या नियमात मात्र पन्नास वर्षं ओलांडली की व्हिंटेज. आणि खरीखुरी रेस हवी असेल तर स्वातंत्र्यानंतर जुहूच्या विमानतळावर आणि मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर झाल्या त्या बघा. तिथे घाट नाही, जेवणाची सुट्टी नाही, नुसतं पळणं.

एवढा जीव का काढतोय? कारण चुकीचं नाव पडलं की चुकीच्या वस्तू टिकतात. माझ्या एका मित्राच्या वाड्यात आजोबांचा फोटो आहे, गाडीच्या रेडिएटरवर नंबर, आत चार माणसं. त्याला सोबत एक छोटं चांदीचं पदक आणि एक मळका पुठ्ठा होता. पदकावर इंग्रजीत कोरलंय 'नॉन-स्टॉप'. घरात कोणालाच कळेना, शेवटी मित्र म्हणाला एसटीच्या पाटीसारखं आहे रे, विनाथांबा. नकळत अचूक बोलला! पण घरातल्यांनी आधीच फ्रेम करून खाली 'मोटर रेस विजेते' अशी चिठ्ठी लावलेली, आणि पुठ्ठा टाकून दिलेला, कारण "त्यावर नुसत्या गावांची नावं आणि वेळा होत्या". अहो तेच तर सोनं होतं! कुठून किती वाजता निघाले, कुठे कधी पोचले, ट्रायलमधे दुसरं असतं काय? पदकं अनेकांना मिळायची, जेवढे पास तेवढी पदकं, पण कुठल्या गावात कधी पोचले हे परत कुठून मिळणार.

फोटो बघतानाही हाच फरक डोक्यात ठेवा. मडगार्ड आहेत, दिवे आहेत, मागे सामान आणि टोपीवाली तीनचार माणसं बसलीत, तर बहुतेक ट्रायल. मडगार्ड काढलेले, ड्रायव्हर आणि शेजारी मेकॅनिक एवढेच दोघं, तर रेस असू शकते. मागच्या बाजूला पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर आधी त्याचाच फोटो काढून ठेवा. आणि कृपा करून लॅमिनेशन नको! मित्राकडचा फोटो लॅमिनेट केलेला आहे, मागे कागद चिकटवून, आता पाठीवर काय लिहिलं होतं ते कायमचं आत गेलं. पदकही पितांबरीने घासू नका, अक्षरं झिजतात.

मागच्या महिन्यात त्याने निदान चिठ्ठी तरी बदलली, 'रेस विजेते' खोडून 'मोटर ट्रायल, विनाथांबा पदक' केलं आणि मला फोटो पाठवला. मी खूश. संध्याकाळी त्याचा फोन, चिठ्ठी वाचून त्याच्या आई विचारतायत, "मामंजींवर कसली केस चालली होती रे?"