चिंपांझीचा पेपर हत्तीला दिला तर? प्राण्यांच्या बुद्धीच्या टेस्टमागची गोष्ट

हत्ती हुशार असतो हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही, पण ती हुशारी मोजायला घेतली की हत्ती बरीच वर्षं मागे पडलेला दिसतो आणि एप म्हणजे चिंपांझी, ओरांगउटान वगैरे मंडळी कितीतरी पुढे. याचं कारण हत्तीत नाही, पेपर कुणाला डोळ्यासमोर ठेवून काढला त्यात आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

1913 साली वोल्फगांग कोहलर हा जर्मन मानसशास्त्रज्ञ टेनेरीफ बेटावरच्या चिंपांझी केंद्रात गेला, मग पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तिथंच अडकला. त्याने केळी उंच टांगली नाहीतर हात पोचणार नाही अशी गजांपलीकडे ठेवली, आणि जवळ खोकी, काठ्या टाकून दिल्या. चिंपांझींनी खोक्यावर खोकं चढवून केळी काढली, सुलतान नावाच्या चिंपांझीने तर दोन काठ्या एकीत एक बसवून एक लांब काठी केली! पुढे 1960 मध्ये जेन गुडॉल यांनी आजच्या टांझानियातल्या गोम्बेत चिंपांझीला काडी घालून वाळवी काढताना पाहिलं, आणि बुद्धी म्हणजे हातात काहीतरी धरून काम साधणं हे समीकरण अजूनच घट्ट झालं.

मग आला आरसा. 1970 मध्ये गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींना काही दिवस आरशाची सवय होऊ दिली, नंतर भूल देऊन भुवईवर आणि कानावर वास न येणारा लाल रंग लावला. जागे झाल्यावर आरशात बघून त्यांनी बरोब्बर स्वतःच्या चेहऱ्यावरच्या त्या डागाला हात लावला, म्हणजे समोर दिसतोय तो मीच हे त्यांना कळलं होतं. माकडांना हे जमलं नाही. तेव्हापासून ही टेस्ट म्हणजे जणू बोर्डाची परीक्षाच झाली, पास झालात तर "स्व"ची जाणीव आहे, नाहीतर नाही. पण एपमध्येही गोरिलांचे निकाल कधी असे तर कधी तसे आले. डोळ्याला डोळा भिडवणं ही गोरिलांत धमकी असते, मग तो आरशात टक लावून बघणार कसा, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

हत्तींवर तोवर काहीच झालं नव्हतं असं नाही. 1950 च्या दशकात जर्मनीत म्युन्स्टरच्या झूमध्ये बर्नहार्ड रेन्श यांनी एका लहान हत्तिणीला चिन्हांच्या 20 जोड्या ओळखायला शिकवल्या, आणि वर्षभरानंतर पुन्हा विचारलं तेव्हा त्यातल्या बहुतेक तिच्या लक्षात होत्या. पण आरशाच्या टेस्टमध्ये हत्ती नापास झाला. 1989 मध्ये डॅनियल पोविनेली यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमध्ये दोन आशियाई हत्तिणींना आरसा दाखवला, आरशात बघून लपवलेलं खाणं त्या शोधायच्या, पण स्वतःला काही ओळखलं नाही. गोष्ट इथंच संपली असती, पण तो आरसा हत्तीच्या मानाने लहान होता आणि त्यांच्या आवाराबाहेर होता.

2006 मध्ये जोशुआ प्लॉटनिक, फ्रान्स डी वाल आणि डायना रीस यांचा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधला अभ्यास छापून आला. यांनी जवळजवळ अडीच मीटर लांब-रुंद आरसा थेट हत्तींच्या आवारात बसवला, अगदी सोंड लावून तपासता येईल असा. हत्तिणींनी आधी आरशाच्या मागे काय आहे ते शोधायचा प्रयत्न केला. मग हॅपी नावाच्या हत्तिणीने डोळ्याच्या वर काढलेल्या पांढऱ्या फुलीला सोंडेने पुन्हा पुन्हा हात लावला (सोंडेला हातच म्हणायचं ना, आपला हत्ती शब्दसुद्धा हस्त वरूनच आलाय). मॅक्सिन आणि पॅटी या दोघींनी फुलीकडे लक्ष दिलं नाही, पण जो प्राणी रोज अंगावर धूळ-चिखल उडवून घेतो त्याला एका डागाचं काय पडलंय!

काठीचंही तसंच. सोंडेत काठी धरली की सोंडेचं टोक अडकतं, आणि हत्ती तर त्या टोकानेच वास घेतो, चाचपतो. दारावर आलेला हत्ती जमिनीवरचं नाणं उचलून माहुताकडे द्यायचा ते आठवून बघा, नाण्यापर्यंत सोंड कशी चाचपत जायची ते. नॅशनल झूमध्येच 2001 साली जन्मलेला कंडुला, त्याला उंच टांगलेली फळं काढायला काठ्या दिल्या तर त्याने त्या वापरल्या नाहीत, पण ठोकळा ठेवला तेव्हा काही सेशन गेल्यावर एके दिवशी अचानक तो ढकलत आणून, त्यावर पुढचा पाय ठेवून फळ काढलं. हे 2011 मध्ये छापून आलं, कोहलरनंतर जवळपास शंभर वर्षांनी.

त्याच वर्षी थायलंडमध्ये लांपांगला प्लॉटनिक यांनी चिंपांझींसाठी 1930 च्या दशकात बनवलेली दोर ओढायची टेस्ट हत्तींना दिली. दोघांनी एकदम ओढलं तरच खाणं पुढे येणार, एकट्याने ओढलं तर दोर निसटणार. हत्ती जोडीदाराची 45 सेकंदांपर्यंत वाट बघत थांबले, आणि एका तरुण हत्तिणीने तर दोरावर नुसता पाय देऊन उभं राहायचं आणि ओढायचं काम दुसऱ्यावर सोडायचं अशी युक्ती काढली, जी कुणी शिकवली नव्हती.

आणि मग नाक. 2014 मध्ये कळलं की आफ्रिकी हत्तीत वास ओळखणारी जवळपास 2000 जनुकं चालू आहेत, कुत्र्याच्या दुप्पट. 2019 मध्ये थायलंडमध्येच बंद डब्यातल्या सूर्यफुलाच्या बियांपैकी कुठल्या डब्यात जास्त आहेत हे हत्तींनी नुसत्या वासावरून ओळखलं.

पण माझ्या मते खरा हत्तीसाठी काढलेला पेपर त्याआधीच, 2008 मध्ये, केनियातल्या अंबोसेलीत लुसी बेट्स, रिचर्ड बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला होता. कळप चाललाय, त्यातल्या एका हत्तिणीच्या मुत्राने भिजलेली माती उचलून यांनी कळपाच्या पुढच्या वाटेवर नेऊन टाकली. जिचा वास आहे ती तर आपल्या मागून येतेय, मग तिचा वास पुढे कसा? अशा वेळी हत्तिणी त्या मातीवर सोंड नेऊन जास्त वेळ वास घेत थांबायच्या.