गर्दी पाहून भाव आणि गिऱ्हाईक पाहून भाव

दिवाळीच्या आठवड्यात पुण्याहून नागपूरला येणाऱ्या ट्रॅव्हल्सचे भाडे वाढते, जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर सामना सुटल्यावर टॅक्सीचे भाडे वाढते, आणि एखाद्या दिवशी एकाच घरातल्या दोन फोनांवर एकाच प्रवासाचे दोन वेगळे आकडे दिसतात. आपल्याकडे या तिन्ही गोष्टींना ‘सर्ज’, म्हणजे मागणी वाढली की चढणारे भाडे, हे एकच नाव दिले जाते आणि तिन्हींवर सारखाच संताप व्यक्त होतो. पहिल्या दोन गोष्टी एका जातीच्या आहेत आणि तिसरी पूर्णपणे वेगळ्या जातीची आहे. ही गल्लत मला मनापासून खटकते, कारण तिचा फायदा कंपनीला होतो. तिसऱ्या प्रकाराची तक्रार पहिल्याच्या नावाने केली, की ‘त्या वेळी मागणी जास्त होती’ हे उत्तर तयारच असते.

मागणीनुसार बदलणारा भाव सगळ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून त्यावर फार थांबत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये रेल्वेने राजधानी, शताब्दी आणि दुरोंतो गाड्यांना फ्लेक्सी भाडे लावले, तेव्हा दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडे १० टक्क्यांनी चढत जाऊन जास्तीत जास्त दीडपट होत असे. नागपूर–मुंबई दुरोंतोचे तिकीट उशिरा काढणाऱ्याला ते महाग पडले, पण त्या क्षणी खिडकीशी उभा असलेला व्यापारी आणि त्याच्या मागचा विद्यार्थी यांच्यासमोर आकडा एकच होता. ट्रॅव्हल्सबाबतही २०१८ च्या शासन निर्णयाने एसटीच्या तशाच बसच्या भाड्याच्या दीडपट ही कमाल मर्यादा घातली आहे. ती पाळली जात नसेल तर तो अंमलबजावणीचा प्रश्न आहे. भाव गर्दीवर ठरतो, आणि गर्दी सगळ्यांना दिसते.

व्यक्तिनिहाय भावात आकडा ठरवताना गर्दीबरोबर तुम्हीही मोजले जाता. तुम्ही या वेळेला रोज जाता का, मागच्या वेळी वाढीव भाडे दिसूनही गाडी बोलावली होती का, ॲप किती वेळा उघडून बंद केले, दवाखान्यात निघाला आहात की सिनेमाला, अशा नोंदींवरून तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल याचा अंदाज बांधता येतो आणि त्या अंदाजाजवळचा आकडा दाखवता येतो. २०१६ मध्ये उबरचे तत्कालीन आर्थिक संशोधनप्रमुख कीथ चेन यांनी सांगितले होते, की फोनची बॅटरी संपत आलेली माणसे वाढीव भाडे अधिक सहज स्वीकारतात, असे त्यांना आकडेवारीत दिसले. ही माहिती भाडे ठरवण्यासाठी वापरत नाही, असेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले. वापर होवो न होवो, माणसाची अडचण आकड्यांतून वाचता येते, एवढे त्यातून कळते.

ओळखायचे कसे, इथेच बहुतेक जण घसरतात. दोन फोनांचे दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की व्यक्तिनिहाय भाव सिद्ध झाला, असे समजले जाते. तो सिद्ध होत नाही. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत एका संध्याकाळी मी आणि वहिनी सीताबर्डी मेट्रो स्थानकाबाहेर उभे होतो आणि मानेवाडा चौकात जायचे होते. माझ्या फोनवर १६२ रुपये, तिच्या फोनवर १३९. ‘तुमचा फोन महागाचा, म्हणून,’ ती लगेच म्हणाली. मी तिचा फोन हातात घेऊन नकाशा मोठा केला, तर गाडीत चढण्याच्या जागेची तिची खूण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला लागली होती, जिथून गाडीला वळसा घ्यावा लागत नव्हता. दोन्ही खुणा एकाच जागी आणल्या, गाडीचा प्रकार सारखा निवडला आणि दोघांनी एकाच वेळी पडदा ताजा केला. आता १६२ आणि १५४. तिच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘खास तुमच्यासाठी ५ टक्के सूट’ असे लिहिले होते. म्हणजे २३ रुपयांच्या फरकातले १५ रुपये नकाशावरच्या खुणेचे होते आणि ८ रुपये आम्हा दोघांतल्या फरकाचे होते. मी ते ॲप दोन वर्षे जवळपास रोज वापरतो. वहिनीने ते कित्येक महिन्यांत उघडले नव्हते.

सूट म्हणजे भाव नव्हे, असे यावर सांगितले जाते, आणि हाच युक्तिवाद मला सर्वांत कच्चा वाटतो. कोण ॲप सोडून जाण्याच्या बेतात आहे आणि कोण काहीही झाले तरी येणारच आहे, हे ओळखून एकाला सूट द्यायची आणि दुसऱ्याला द्यायची नाही, याचा अर्थ दुसऱ्याने त्याच्या निष्ठेचे पैसे भरले, असाच होतो. खोडून दाखवलेला ‘मूळ’ आकडा हा बहुतेकदा आपल्याला बरे वाटावे म्हणून छापलेला असतो. मात्र प्रत्येक सवलत या खात्यात टाकणेही चूक आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना त्याआधीपासूनच मोफत प्रवास आहे. ही अट बसवरही लिहिता येते, ती कोणालाही वाचता येते आणि आपण तिच्यात बसतो की नाही हे ज्याचे त्याला कळते. माझ्या लेखी कसोटी हीच आहे: भावामागची अट उघड आहे का? उघड असेल तर तो गटाचा भाव, लपलेली असेल तर व्यक्तीचा.

दुसरा युक्तिवाद बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डी बाजाराच्या, फुटपाथचा. ‘तिथला दुकानदारही चेहरा पाहूनच भाव सांगतो, मग ॲपने काय वेगळे केले?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. बर्डीवर ओढणीचे दीडशे सांगितले, तर शेजारची बाई लगेच म्हणते, ‘काहून भाऊ, आताच त्या ताईले ऐंशीत देली न तुम्ही?’ सांगितलेला भाव हा बोलणीचा आरंभ आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. दुकानदार मला पाहतो तसा मीही त्याला पाहतो, चार पावले पुढे गेलो की तो हाक मारतो, आणि दुसऱ्याला काय भाव लागला हे कानावर पडते. ॲपवर आकडा छापील किमतीच्या थाटात येतो, घासाघीस करायला समोर कोणी नसते, आणि शेजाऱ्याचा आकडा त्याच्या खिशातल्या फोनमध्ये बंद असतो. घासाघिशीतला भेदभाव मला मान्य आहे, कारण तिथे मला उत्तर देता येते.

महाग हॉटेल यादीत आधी दाखवणे हा आणखी एक प्रकार यात मिसळला जातो. २०१२ मध्ये ऑर्बिट्झ या प्रवास संकेतस्थळावर मॅक संगणक वापरणाऱ्यांना अधिक महाग हॉटेले आधी दिसत असल्याचे उघड झाले. पण त्याच खोलीचा भाव वेगळा नव्हता. तो क्रमाचा खेळ आहे, भावाचा नाही.

कायद्यातही दोन्ही प्रकारांची जागा वेगळी आहे. सर्ज बेकायदा आहे हे विधान चूक आहे. ॲपवरून गाडी जोडून देणाऱ्या कंपन्यांसाठीच्या केंद्राच्या मोटार वाहन ॲग्रिगेटर मार्गदर्शक सूचनांनी २०२० मध्ये मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत आणि जुलै २०२५ च्या नव्या सूचनांनी दुपटीपर्यंत वाढ मान्य केली, खालची मर्यादा ५० टक्के ठेवली, आणि अंमलबजावणी राज्यांकडे दिली. पण मर्यादा आहे म्हणजे व्यक्तिनिहाय भावालाही वेसण बसली, हा समज त्याहून घातक आहे. मूळ भाडे १०० रुपये असेल तर ५० ते २०० अशी चौपट जागा मोकळी राहते, आणि त्या जागेत कोणाला कोणता आकडा दाखवायचा याबद्दल ही मर्यादा काहीच बोलत नाही.

त्याबद्दल बोलतो तो ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधला नियम ४(११). या नियमाच्या पहिल्या भागात बाजारातली परिस्थिती, सेवेचे अत्यावश्यक स्वरूप इत्यादी लक्षात घेता समर्थन करता येणार नाही असा भाव लादून अवाजवी नफा कमावण्यास मनाई आहे. दुसऱ्या भागात एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव करण्यास, किंवा त्यांच्या हक्कांवर परिणाम होईल असे मनमानी वर्गीकरण करण्यास मनाई आहे. सगळे अडते ते ‘एकाच वर्गातल्या’ या शब्दांवर. रोज येणारा आणि क्वचित येणारा हे दोन वर्ग आहेत, असे कंपनी म्हणू शकते. एकाच क्षणी एकाच जागेवरून एकाच ठिकाणी निघालेले दोघे एकाच वर्गातले, असे मी म्हणतो. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फोनच्या प्रकारानुसार वेगळे भाडे घेतल्याच्या तक्रारींवरून ओला आणि उबर यांना नोटिसा दिल्या, तेव्हा दोन्ही कंपन्यांनी आरोप नाकारला. स्पर्धा कायद्याचे कलम ४ भेदभावाच्या भावाला हात घालते, पण बाजारात वर्चस्व असलेल्या कंपनीपुरतेच.

युरोपने ही रेषा अधिक स्वच्छ आखली. तिथल्या २०१९ च्या निर्देशानुसार, मे २०२२ पासून, स्वयंचलित निर्णयाने भाव व्यक्तिनिहाय ठरवला असेल तर तसे ग्राहकाला खरेदीआधी सांगावे लागते. आणि केवळ बाजारातल्या मागणीनुसार हलणारा भाव या बंधनातून वेगळा काढल्याचे त्याच मजकुरात नमूद आहे. न्यूयॉर्क राज्यातही २०२५ पासून, तुमची वैयक्तिक माहिती वापरून अल्गोरिदमने हा भाव ठरवला आहे, अशी सूचना किमतीजवळ द्यावी लागते. आपल्याकडे एवढी एक ओळ सक्तीची झाली तरी मला पुरेल. दवाखान्याकडे जाणाऱ्या प्रवासासाठी मात्र नुसती सूचना पुरेशी नाही, तिथे व्यक्तिनिहाय भावाला बंदीच हवी.

त्या संध्याकाळच्या ८ रुपयांबद्दल मी ॲपच्या मदत कक्षाला लिहिले. ‘त्या वेळी आपल्या परिसरात मागणी जास्त होती’, असे उत्तर आले. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना मी ‘सर्ज’ हा शब्द कुठेही वापरला नाही. दोन्ही पडद्यांची वेळ, दोन्ही खुणांची एकच जागा, गाडीचा एकच प्रकार आणि सवलतीची ती बारीक ओळ एवढे लिहिले, आणि आम्हा दोघांना कोणत्या निकषावर वेगळ्या वर्गांत टाकले, हे नियम ४(११) चा उल्लेख करून विचारले.