आरबीबीबी की एलबीबीबी? बायपासनंतरच्या ईसीजीतला फरक

बायपास करून घरी आलेल्या माणसाच्या फाइलमध्ये ‘न्यू आरबीबीबी’ किंवा ‘न्यू एलबीबीबी’ असा शेरा दिसला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आता परत ब्लॉक कसा?’ तसं नसतं. हा ब्लॉक रक्तवाहिनीतला नाही, ठोक्याची वीज वाहून नेणाऱ्या तंतूंतला आहे: उजव्या फांदीत असेल तर आरबीबीबी (राइट बंडल ब्रँच ब्लॉक), डाव्या फांदीत असेल तर एलबीबीबी (लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक). त्यावरून ग्राफ्ट (बायपासमध्ये जोडलेली रक्तवाहिनी) बंद पडला असा अर्थ काढू नये.

ही वीज वरच्या कप्प्यांतून एव्ही नोड या मधल्या ठाण्यामार्गे खाली उतरते आणि मधल्या पडद्यात तिला दोन फांद्या फुटतात, उजवी आणि डावी. शस्त्रक्रियेत हृदय थांबवायला पोटॅशियमचं द्रावण देतात, ते बहुधा थंड असतं. पडद्याचा रक्तपुरवठाही काही वेळ तुटतो. त्यात फांद्या दुखावतात.

उजवी फांदी बारीक आणि लांब, त्यामुळे बायपासनंतर नव्याने दिसणाऱ्या अडथळ्यांत आरबीबीबी जास्त. बऱ्याच जणांचा तो घरी सोडेपर्यंत निघूनही जातो. राहिलाच, तरी पंपिंग चांगलं असेल तर पुढे सहसा त्रास देत नाही. उजवा कप्पा किंचित उशिरा आकुंचन पावतो, एवढंच.

एलबीबीबीला मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही. डावी फांदी रुंद, पसरलेली. ती निकामी होते तेव्हा आसपासच्या स्नायूचंही नुकसान झालेलं असण्याची शक्यता जास्त. शिवाय पडदा आधी आकुंचन पावतो आणि समोरची भिंत मागाहून, म्हणजे ठोक्यातला काही जोर वाया जातो. बैलजोडीतला एक बैल मागे राहिला की नांगर जसा वाकडा ओढला जातो, तसं. काही जणांचं ईएफ (डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा) त्यापायी महिन्या-वर्षांत उतरतं, जिना चढताना दम लागू लागतो, पायांवर सूज येते. म्हणून अशा रुग्णाने टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) टाळू नये. औषधं नीट घेऊनही त्रास राहिला, ईएफ 35 टक्के किंवा खाली असेल आणि ईसीजीत क्यूआरएसची (खालच्या कप्प्यांत वीज पसरताना उमटणाऱ्या लाटेची) रुंदी 150 मिलिसेकंद किंवा जास्त असेल, तर सीआरटी हा दोन्ही बाजू एकत्र चालवणारा पेसमेकर उपयोगी पडतो. आरबीबीबीत याच यंत्राचा फायदा कमी मिळतो.

आणखी एक अडचण क्वचितच कुणी समजावून सांगतं. एलबीबीबी असला की पुढे छातीत दुखल्यावर ईसीजीवरून अटॅक ओळखणं कठीण होतं. ट्रेडमिलवरच्या ईसीजीवरही विसंबता येत नाही. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळचा ईसीजी फोनमध्ये फोटो काढून ठेवा. नव्या डॉक्टरला तुलनेला तोच लागतो.

नुसत्या आरबीबीबी किंवा एलबीबीबीसाठी साधा पेसमेकर बसवत नाहीत. पण भोवळ येऊन शुद्ध हरपली, किंवा ईसीजीत कधी उजवा तर कधी डावा ब्लॉक दिसला, तर थांबू नका. वरून खाली येणारी वाटच पूर्ण बंद होण्याचा तो इशारा असू शकतो. बायपासनंतर अनेकांना मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असते, ती ठोके मंदावते. नाडी फारच मंद लागली तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, अचानक थांबवल्यास छातीतलं दुखणं उलटू शकतं.