स्वमग्न मुलाचं दिव्यांग सर्टिफिकेट अन् शाळेतल्या सवलती: नागपुरात सुरुवात कुठून करायची

परवा शाळेच्या गेटवर एका आईनं विचारलं, "ताई, डॉक्टर ऑटिझम म्हणाले, आता आधी काय करू?" तिला उभ्याउभ्या जे सांगितलं तेच इथे नीट लिहून राहिले.

पहिली गोष्ट, वर्गातली मदत सर्टिफिकेटसाठी अडवून ठेवायची नाही. जागा बदलून देणं, एका वेळी एकच सूचना सांगणं, दिवसाचं वेळापत्रक चित्रांनी बेंचवर चिकटवणं, याला कोणताच कागद लागत नाही. माझा पोरगा मधल्या सुट्टीची घंटा झाली की कान दाबून बेंचखाली जायचा. मग मॅडम घंटेच्या दोन मिनिटं आधी त्याच्यासमोर पेन्सिल आडवी ठेवायला लागल्या, ती खूण त्याला कळली आणि हळूहळू खाली जाणं थांबलं, तेव्हा आमच्याकडे एकही कागद नव्हता.

पण बोर्डाच्या सवलती अन् सरकारी योजना म्हटल्या की कागद लागतोच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकार आहेत, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम त्यातच येते. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व निघालं तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड तुमची.

सर्टिफिकेटचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, मूल अल्पवयीन असल्यानं तो पालकच भरतात. फोटो, सही किंवा अंगठा, मुलाचं आधार अन् पत्त्याचा पुरावा स्कॅन करून ठेवा, जन्मदाखलाही जवळ असू द्या. नावाचं स्पेलिंग आधार आणि शाळेच्या रेकॉर्डला सारखं आहे का ते आधीच बघा, नाहीतर पुढे फार त्रास होतो. दवाखाना निवडायचा ऑप्शन फॉर्ममध्येच येतो. मेडिकल किंवा मेयो, या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत जाणार असाल तर तपासणीचा दिवस कोणता ते आधी विचारून घ्या.

तपासणीत इसा नावाची 40 मुद्द्यांची चाचणी होते, 70 पेक्षा कमी गुण आले तर ऑटिझम धरत नाहीत. इथेच बरेच पालक फसतात. मूल नवीन खोलीत पंधरा-वीस मिनिटं गप्प बसतं अन् घरी-शाळेत जे होतं ते डॉक्टरांना दिसतच नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, क्लास टीचरकडून एक पान लिहून घ्या, शाळेच्या शिक्क्यासकट. "मूल हट्टी आहे" असलं काही नको, नेमकं पाहिजे. आमच्या मॅडमनं लिहिलं होतं, "दोन सूचना एकदम दिल्या तर पहिलीच करतो. गटात नाव पुकारलं की भिंतीकडे तोंड करून उभा राहतो." तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं अन् मग प्रश्नच वेगळे विचारले. थेरपीचे जुने रिपोर्ट अन् घरचा एखादा मोबाइल व्हिडिओही न्या. उन्हाळ्यात जात असाल तर पाणी, ओळखीचा खाऊ, कान झाकायला काहीतरी पाहिजेच, गर्दी अन् पंख्याच्या आवाजानंच पोरं आधी थकतात.

सर्टिफिकेट अन् यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आलं की मुदत बघा, लहान वयात बहुतेक ठराविक काळाचंच मिळतं. झेरॉक्स शाळेत द्या, ओरिजिनल कोणालाच देऊ नका, आणि यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीत, नोंद झाली का ते हेडमास्तरांना विचारा, म्हणजे समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या विशेष शिक्षकांपर्यंत नाव जातं. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंतचं कव्हर आहे, त्यालाही हेच सर्टिफिकेट लागतं.

दहावीला तासामागे 20 मिनिटं जास्त वेळ, लेखनिक, अशा सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो. आठवी-नववीतच कागद तयार ठेवा, आणि घटक चाचणीपासूनच लेखनिक मागा, कारण अनोळखी माणसाला उत्तर सांगायची सवय या मुलांना एका दिवसात लागत नाही.